प्राइज बाँड आणि विमानातले चार तास

कुवेतच्या हॉस्पिटलात आमच्या लॅबमध्ये वॉर्डांतून रक्ताचे नमुने गोळा करून आणायचं काम एक पाकिस्तानी गृहस्थ करत. साठीला टेकलेले, गुडघे दुखायचे तरी लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच येणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. सकाळची पहिली गर्दी ओसरली की मागच्या खोलीत आम्ही दोघं चहा घ्यायचो.

चाचांना एकच नाद होता, त्यांच्या सरकारच्या प्राइज बाँडचा. व्याज नाही, पण घातलेले पैसे बुडतही नाहीत. दर तीन महिन्यांनी सोडत निघते. नंबर लागला तर बक्षीस, नाही तर तोच कागद पुढच्या सोडतीला चालतो. पूर्वी ते मोठ्या रकमेचे बाँड घेत. मग मोठे कागदी बाँड बंद झाले आणि त्यांच्या जागी बँकेच्या खात्याशी जोडलेले आले. चाचांचं तिकडे खातंच उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं वापर नाही म्हणून ते बंद पडलेलं. नवीन उघडायला स्वतः जाऊन खेटे घालायचे, तर रजा जेमतेम महिन्याची. म्हणून ते छोटे कागदी बाँड घेत. तिकडच्या मेहुण्याने बँकेच्या काउंटरवर रोख भरायची आणि कागद घ्यायचा. त्यावर नाव नसतं. ज्याच्या हातात कागद, तो मालक.

"मग हरवला तर?" मी एकदा विचारलं.

"हरवायचा कशाला, बेटी?"

ते रजेवर निघाले तेव्हा मी गंमत म्हणून दोन दिनार पुढे केले. "मलाही एक आणा. बघू नशीब."

महिन्याभराने त्यांनी पांढरं पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत दीड हजार पाकिस्तानी रुपयांचा बाँड. नोटेसारखाच करकरीत, उर्दू अक्षरं, ठळक नंबर. मला भारी मौज वाटली. अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटवर नेऊन नवऱ्याला दाखवला, तर त्याचा चेहराच उतरला.

"वेडी आहेस का? घरात कशाला आणलास हा?"

"अहो, लॉटरीसारखं आहे ते."

"आपल्याकडे कुणाला सांगशील लॉटरीसारखं आहे म्हणून? उद्याच्या उद्या परत दे."

परत कसा देणार? त्यांनी किती हौसेने आणला होता. मी पाकीट माझ्या सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये मागे सरकवलं, आणि विसरले.

पुढे दोन्ही देशांत तणाव वाढला. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. आमच्या सुपरवायझरने सगळ्यांना बोलावून बजावलं, कामाच्या जागी या विषयावर एक शब्द नको. चहा प्यायला चाचा येईनासे झाले. मीही बोलावलं नाही. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. बाबांना हार्ट अटॅक आला होता, पुण्यात ऑपरेशन ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं मुंबईचं विमान मिळालं. पासपोर्ट, आधार, सगळं त्याच फाइलमध्ये असायचं. मी आख्खी फाइल पर्समध्ये कोंबली आणि निघाले.

विमान वर गेल्यावर बाबांच्या जुन्या रिपोर्टची झेरॉक्स बघावी म्हणून फाइल उघडली. पाकीट सरकलं, उघडं होतं, आणि बाँड शेजारच्या माणसाच्या मांडीवर पडला.

शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, पांढरी दाढी, साधा शर्ट. चढताना फोनवर कोकणीत बोलत होते. त्यांनी बाँड उचलला. उलटा केला. सुलटा केला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा?"

"मुलीचा आहे. खेळातला," मी म्हणाले.

त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

कुवेतहून येणाऱ्या बायकांच्या बॅगा सोन्यासाठी उघडतात, हे ठाऊक होतं. बॅग उघडली की फाइल उघडणार. हा कागद कुठून आला? कुणी दिला? का दिला? पैसे तुम्ही दिलेत? हो, दोन दिनार. त्या देशाच्या सरकारचा बाँड मी स्वतः पैसे देऊन घेतला होता. हे वाक्य मनात कसंही फिरवलं तरी चांगलं दिसेना. माझा पासपोर्ट ठेवून घेतला तर? ऑपरेशन सकाळी सातला होतं. बाबा आत जाताना मी कुठल्या तरी खोलीत बाकावर बसलेली असेन. आणि कुवेतला कळलं तर? नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना गेला, माझ्या इकाम्यावरच मुलगी होती.

शेजारचा माणूस डोळे मिटून बसला होता, पण झोपलेला नव्हता. त्याच्या पापण्या हलत होत्या. हा उतरल्या उतरल्या सांगणार, असं मला पक्कं वाटलं.

मी बाँड ब्लाउजमध्ये खोचला आणि टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली. कागद चिवट होता, सहज फाटेना. दातांनी सुरुवात केली. चार तुकडे, आठ, सोळा. दोन तुकडे बेसिनमध्ये पडले आणि ओले होऊन चिकटले, ते नखाने खरवडून काढले. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. तुकडे कमोडमध्ये टाकून मी बटण दाबलं. तो आवाज सगळ्या विमानाला ऐकू गेला असेल असं वाटलं. तुकडे गेले. एक राहिला, कडेला, त्यावर उर्दूतलं एक अक्षर. पुन्हा दाबलं.

फाडताना चाचांचा चेहरा डोळ्यांसमोर आला नाही. खोटं कशाला सांगू, कुणाचाच आला नाही. फक्त तो कागद संपवायचा होता.

जागेवर आले तरी भीती गेली नाही. एखादा तुकडा साडीला चिकटला असेल म्हणून पदर झटकत राहिले. मुंबईला बॅगांच्या पट्ट्याकडे जायच्या आधीच, हातातलं सामान तपासताना, कस्टमच्या अधिकारी बाईंनी मला बाजूला घेतलंच. हातातल्या दोन बांगड्या बघितल्या, पर्स उघडली, फाइल उलगडली. झेरॉक्सवरचं नाव वाचून विचारलं, "कोण आजारी आहे?"

"वडील."

"जा, जा लवकर."

पट्ट्यावर बॅगेची वाट बघत होते तेव्हा तेच गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "फाडलात ना ताई?"

मी मान हलवली.

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं केलंत. माझं कुवेतमध्ये हवल्लीला दुकान आहे, पार्टनर पाकिस्तानचा. त्याचं साधं व्हिजिटिंग कार्डसुद्धा मी कुवेतला काढून ठेवून आलो. आणि तुमचा तो बाँड नेमका माझ्या मांडीवर! तुमच्या माझ्यामध्ये सापडला असता तर पहिलं नाव कुणाचं वाचलं असतं, सांगा. मी मुसलमान. चार तास नुसते डोळे मिटून बसलो होतो, झोप कसली."

चार तास मी त्यांना घाबरत होते आणि ते मला. "माफ करा" एवढं म्हणाले. "वडिलांना आराम पडू दे," असं म्हणून ते आपली खोकी ट्रॉलीवर रचायला लागले.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी कामावर परत आले. चाचांना सांगायचं धाडस व्हायला आणखी चार दिवस गेले. शेवटी मागच्या खोलीत त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते नळ्यांचा रॅक पुसत होते, पुसतच राहिले.

"बेटी, तुझी चूक नाही," ते म्हणाले. "मलाच कळायला हवं होतं. वडील कसे आहेत?"

मग खिशातून छोटी वही काढून म्हणाले, "नंबर माझ्याकडे लिहिलेला आहे, पण आता त्याचा उपयोग नाही. कागदच नाही तर लागला काय आणि न लागला काय."

तरी दर तीन महिन्यांनी सोडत झाली की ते माझ्या टेबलाजवळ थांबून सांगत, "नाही लागला." मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची पावलं जिन्यावर वाजली की मी हातातल्या कामावरून मान वर करत नसे. लागला असं म्हणाले तर मी काय करणार होते? आणि खरंच लागला असता तर त्यांनी मला सांगितलं असतं का, हेही मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी वयामुळे त्यांचा इकामा वाढवला नाही आणि ते कायमचे गावी गेले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून केक कापला. ते गेल्यावर मी खुर्चीत टेकले आणि लक्षात आलं, मला वाईट वाटण्याआधी सुटल्यासारखं वाटलं होतं.