यंत्रालाही हुंकार लागतो

आमचा नवा स्टिरिओ विजेची बचत करतो, म्हणजे ऐन रंगात आलेलं गाणं मध्येच बंद करतो. वैतागून दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही, की त्याला वाटतं, घरात कोणी ऐकतच नाहीये."

मला त्या यंत्राची एकदम ओळख पटली. आमची ही अशीच आहे. ती स्वयंपाकघरातून बोलत असते आणि मी पेपरमागून "हं" म्हणत असतो. दोनचार वाक्यांत एखादा "हं" पडला नाही, की बोलणं बंद! खरंच, सांगणाऱ्याला तरी दुसरं काय हवं असतं? पलीकडे कुणीतरी आहे, एवढी खात्री.

शेवटी सेटिंगमध्ये शिरून ती बचत काढून टाकली. आता मी बाजारात गेलो तरी स्टिरिओ आपला गात बसतो. माझी त्याला गरजच उरली नाही, याचं थोडं वाईटही वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघर गप्प झाल्याचं लक्षात आलं. मी घाईघाईनं म्हणालो, "हं."

"हं काय?" आतून आवाज आला. "वांगी करू की भेंडी, विचारलं होतं मी!"