पदरचं एकच पान

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. कुरवंड्यात चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा खाली लोणावळ्यात होती आणि घरात धाकटी भावंडं होती. तेव्हा चुकलं असेल ते वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कुणी असेलच असं नाही, कारण हे कागद माझ्याकडेच राहणार आहेत. पण इंदूताई कशा होत्या हे कुठेतरी लिहिलेलं असावं असं फार दिवस मनात आहे.

इंदूताई पुस्तक सरळ धरत नसत, उजवीकडे कलतं धरत. चिक्कीच्या कारखान्यात माल भरायच्या खोलीत आम्ही बायका भिंतीला टेकून बसायचो आणि त्यांच्या उजव्या हाताला मी असे. त्यांचा हात दुखत असेल असं मला आधी वाटलं. मग एक दिवस वाचता वाचता त्यांनी बोट एका शब्दाखाली ठेवलं आणि मी तो मनात वाचेपर्यंत तिथेच ठेवलं. कुणाला कळलं नाही. चौथीनंतर मी दुकानाच्या पाट्यांपलीकडे काही वाचलं नव्हतं. मला परत वाचायला शिकवलं ते त्या कलत्या पुस्तकाने.

त्यांचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर, होते. त्या दहावी झालेल्या, नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. कारखान्यात यायच्या आधी त्या एका बंगल्यात कामाला होत्या. तिथल्या मालकांनी रद्दीत टाकलेलं एक जाड पुस्तक त्यांनी उचलून आणलं होतं. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही. गोष्ट मात्र पुरी होती. डोंगरावरचं एक राज्य, त्याची देवी धुकाई. शत्रूला वाट दिसू नये म्हणून तिने राज्यावर धुकं पांघरलेलं. पण कुणी काही मागितलं आणि तिने दिलं, की तिचं धुकं थोडं विरळ होई आणि ती स्वतःची एकेक गोष्ट विसरत जाई.

मजुरी खोक्यामागे मिळत असे. इंदूताई वाचत बसल्या की त्यांची खोकी कशी भरणार? म्हणून आम्ही प्रत्येकीने आपल्यातलं थोडं त्यांच्या ढिगात टाकायचं असं ठरलं. ते वच्छलाबाईने ठरवलं. ती पवनानगरकडची शेतकऱ्याच्या घरची, आवाजाने खणखणीत, अक्षरओळख नाही. पोथी ऐकण्यात तिचा जन्म गेला होता. म्हणून वाचन म्हटलं की तिच्या लेखी पोथीच. दुसऱ्याच दिवशी तिने लाल फडकं आणलं आणि पुस्तक त्यात बांधलं. वाचन सुरू झालं की ती डोक्यावर पदर घ्यायची, मग बाकीच्याही घ्यायच्या. तिने उदबत्तीसुद्धा आणली होती, पण शेठ दारातूनच म्हणाले, "वच्छलाबाई, चिक्कीला वास लागला तर गिऱ्हाईक म्हणंल प्रसाद हाय, पैसे कसले?"

इंदूताई ते फडकं रोज सोडायच्या, नीट घडी करून मांडीवर ठेवायच्या आणि वाचून झालं की परत बांधायच्या. त्यांच्या घरात देव नव्हते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उतरवला आणि त्या जागी आजीने भांडी मांडली, असं त्या हसून सांगायच्या. पण फडक्याला त्या कधी काही बोलल्या नाहीत.

"ही धुकाई कुठली वो ताई?" वच्छलाबाईने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"पुस्तकातली."

"तसं न्हाई. ठाणं कुटं हाय तिचं? आमच्याकडं वाघजाई हाय. तिची धाकटी भन असंल ही."

"असेल. मला नाही ठाऊक. मी वाचणारी आहे, पुजारीण नाही."

ताराबाई आमच्यातली चेष्टेखोर. ती म्हणाली, "देवी अन् इसरती? आमच्या सासूबाईवानी? मग ती देवी कसली?"

"तुज्या सासूला कुणी काय मागत न्हाई म्हनून ती आपसूक इसरती," वच्छलाबाई म्हणाली. "हिला लोकांनी मागून मागून पोखरली."

असं रोज चालायचं. गोष्टीतला राजा देवीकडे दुसऱ्याचं राज्य मागतो तेव्हा बायकांनी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. एकीचं म्हणणं, देवीने नाही म्हणायला शिकावं. दुसरी म्हणायची, नाही म्हणाली तर तिला देवी कोण म्हणेल. कधी ताराबाई म्हणायची, "ताई, त्या राजाचा पाय मोडला असं वाचा की. कोन बघतंय?" त्यावर इंदूताईंचं उत्तर ठरलेलं होतं, "छापलंय ते वाचते. पदरचं घालत नाही." आणि काम संपायची वेळ झाली की पुस्तक मिटून म्हणायच्या, "देवी झोपली. उद्या उठवू."

पुस्तक संपत आलं त्या सुमाराला वच्छलाबाईची लेक संगीता दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. सोमाटण्याजवळच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. वच्छलाबाई सकाळी तिकडे जाऊन मग कामावर यायची. मोबाईलवरचा फोटो ती आम्हाला दाखवायची. त्यात नळ्याच जास्त दिसायच्या, बाळ थोडं. एक दिवस तिने लाल फडक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर बोलली, "धुकाई, माजा नातू घरला येऊ दे. तुजी ओटी भरीन अन् पाचशे एक रुपये तुज्या पायाशी ठिवीन."

"पाय कुटं सापडायचे तिचे धुक्यात?" ताराबाई म्हणाली. पण तिच्या बोलण्यात चेष्टा उरली नव्हती. हसलं कुणीच नाही. इंदूताईंनी मान खाली घातली आणि फडक्याची गाठ सोडली.

शेवटचं पान आलं तेव्हा बाळ अजून पेटीतच होतं. खोलीत बायकांचे हात चालत होते, पण कागदाचाही आवाज होऊ नये अशा बेताने. गोष्टीतली लहान मुलगी आजारी भावासाठी देवीला हाक मारत डोंगर चढते, इथवर इंदूताईंनी वाचलं. त्यांनी पान उलटलं. मी नेहमीसारखी ओळीवर डोळे ठेवून होते. छापलं होतं ते असं: धुकं हटलं. डोंगर मोकळा होता. तिथे कुणीच नव्हतं. कधी कुणी नव्हतंच, असं तिला वाटलं, आणि ती एकटी खाली उतरली.

इंदूताई थांबल्या. त्यांना दमा होता, त्यामुळे त्यांचं थांबणं कुणाला नवीन नव्हतं. मग त्या वाचू लागल्या, "धुकं हटलं. डोंगरावर एक म्हातारी बसली होती. तिला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. पण मुलीने हाक मारली तेव्हा तिने ओ दिली. ती म्हणाली, माझ्याकडे द्यायला आता काही उरलं नाही. पण तुझ्याजवळ बसता येईल. तुझा भाऊ बरा होईपर्यंत मी बसते."

त्यांची नजर पानावर होती, पण हलत नव्हती. वच्छलाबाई पदराने डोळे पुसत होती. तिने पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुस्तक सरळ होतं. ते कलतं करायचं इंदूताई विसरल्या होत्या, की त्यांना मला दाखवायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. पण शेजारून मी ते वाचलं होतं. घरी जाताना त्या मला म्हणाल्या, "तू बघितलंस ना? बोलू नकोस. बाळ घरी येऊ दे."

बाळ घरी आलं. वच्छलाबाई पिशवी घेऊन कारखान्यात आली. तांदूळ, नारळ, खण, सगळं आणलं होतं. ती इंदूताईंसमोर बसली. "तिचं ठाणं गावलं न्हाई. तुमच्या तोंडून ती बोलली. पदर पसरा."

इंदूताईंचा चेहरा उतरला. "हे मला घेता येत नाही, वच्छला. आजोबांनी जे सोडलं ते मी धरणार नाही."

"मी तुमाला कुटं देतीय? तिला देतीय."

"ती पुस्तकातली बाई आहे."

"मग माजा नातू कुनी राखला?"

"डॉक्टरांनी. आणि तुझ्या लेकीने."

वच्छलाबाई उठली. "वाचताना ग्वाड लागतं, अन् आमच्या हातचं घ्यायला इटाळ व्हय?"

 इंदूताई हळू आवाजात म्हणाल्या, "तो शब्द माझ्या आजीने पुष्कळ ऐकला. मी तो कुणाला लावत नाही."

त्या दिवसापासून वाचन बंद झालं. वच्छलाबाई समोरच्या भिंतीला जाऊन बसली. कुणाच्या तरी मोबाईलवर गाणी लागू लागली. नवस राहिला, याची तिला धास्ती होती. घरी बाळ शिंकलं तरी दुसऱ्या दिवशी कामावर ती इंदूताईंकडे बघायची. नवसाचे पैसे तिने देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवले होते. घरी तेल संपलं तरी त्याला हात लावत नव्हती, असं ताराबाईने सांगितलं. मी इंदूताईंना म्हटलं, "खरं सांगून टाका ना. भांडण मिटंल."

"मग ती म्हणेल, तिथे कुणी नव्हतंच," त्या म्हणाल्या. "बाळ लहान आहे अजून. ते रडलं की ती कुणाला हाक मारेल?"

पावसाळ्यात त्यांचा दमा वाढला. लोणावळ्यातल्या ओलीत भिंतीसुद्धा श्वास टाकतात असं वाटतं, तिथे त्यांचं काय. त्यांनी काम सोडलं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी जायची. त्यांना दोन वाक्यांपुढे बोलवत नसे. म्हणून त्या पुस्तक माझ्याकडे द्यायच्या आणि मी वाचायची. माझं अडखळत वाचणं त्या डोळे मिटून ऐकायच्या. असं करत करत मी शेवटच्या पानाशी आले आणि छापलं होतं तसं वाचलं.

"नीट वाचलंस," त्या म्हणाल्या. "पदरचं घातलं नाहीस."

"तुमी घातलं व्हतं."

"एकदाच." त्या पुष्कळ वेळ दम खात राहिल्या. "ते पान मला पटतं. मी त्याच मताची आहे, जन्मभर. पण वच्छलाच्या तोंडावर ते वाचवेना." मग पुस्तक त्याच लाल फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिलं. "मी गेल्यावर तिला सांगावंसं वाटलं तर सांग. आता राग धरून बसली आहे तेही बरंच. देवी आहे असं धरून तिच्यावर भार टाकून बसली आहे."

दिवाळीआधी त्या गेल्या. वच्छलाबाई अंत्ययात्रेला आली नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. कारखान्यात मला मुकी म्हणतात. पण दोन दिवसांनी मी खोलीत फडकं सोडलं तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. मी वच्छलाबाईसमोर बसून शेवटचं पान वाचलं. डोंगर मोकळा होता. तिथे कुणीच नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"हे असं नव्हतं," वच्छलाबाई म्हणाली.

"हितं असंच हाय, मावशी. बोट ठेवून दावते."

तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने माझ्या बोटाखालच्या ओळीकडे बघितलं. "मग त्या दिशी म्हातारी ओ देती, बसती, ते कुटंय?"

"ते इंदूताईंनी घातलं. तुमचं बाळ पेटीत व्हतं म्हनून."

तिने हातातली चिक्की खाली ठेवली. बराच वेळ ती फडक्याची कड बोटाने सरळ करत राहिली. "तिला सोताला देव नव्हता," ती म्हणाली, "अन् माज्यापुरता ठिवला." ताराबाई उठून दारात जाऊन उभी राहिली.

पुढच्या रविवारी इंदूताईंच्या वस्तीतल्या विहारात त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे आठवणीचा कार्यक्रम होता. मी मागे बसले होते. वंदना चालू असताना वच्छलाबाई आली. पांढरं लुगडं नेसलेली, कडेवर नातू. ओटीची पिशवी आणली नव्हती. तिने फक्त मेणबत्ती आणली होती. ती कशी लावायची ते तिने शेजारच्या बाईला विचारून घेतलं आणि इंदूताईंच्या फोटोपुढे लावली. बाळ ज्योतीकडे हात करत होतं. तिने त्याचा हात धरला आणि त्याला फोटोसमोर बसवलं, काही वेळ तसंच.

इंदूताईंची मुलगी दारात दान घेत होती. विहारात मुलांसाठी पुस्तकांचं कपाट करायचं होतं. वच्छलाबाईने कमरेची गाठ सोडली. नोटांना कुंकू लागलेलं होतं. तिने ते पदराने पुसलं आणि पैसे पुढे केले.

"कुणाच्या नावाने लिहू, मावशी?"

"तिच्याच."

मुलीने आईचं नाव लिहिलं. एक रुपयाचं नाणं वच्छलाबाईच्या हातातच राहिलं होतं. तेही तिने नोटांवर ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "फिटला बग. पुरा फिटला."