नववीच्या वहीतले तेजराम आबाजी

एकोडीच्या बाजूला एका शाळेत मी इतिहास शिकवते. गेल्या वर्षी नववीला एक प्रकल्प दिला होता: सगळी सत्ता एका हाती गेली की डॉक्टरी विद्येचं काय होतं? देवीच्या लशीपासून सुरुवात केली, जर्मनीतल्या हुकूमशहाच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं आणि मग आपल्या आणीबाणीवर आले. मुलांना म्हटलं, आपापल्या म्हाताऱ्यांना विचारून या.

रुचिता शेजारच्या तेजराम आबाजींकडे गेली. सदुसष्ट वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. दोन बांध्यांत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांत, धान पिकवायचा. मूलबाळ नव्हतं. रुचिता त्यांच्याच अंगणात चालायला शिकलेली. ती लिहून घेत असताना त्यांची बायको धुरपता चहा देऊन धुणं धुवायला निघून गेली.

रुचिताने त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"शहात्तर साल. मी एकोणीस वर्साचा, लगन झालं नोहोतं. तालुक्याच्या बाजारातून आमाले गाडीत बसवून नेलं. मले वाटलं, देवीची सुई देऊन राहिले, लहानपनी देल्ली होती तशी. टेबलावर झोपवलं तवा समजलं, नसबंदी व्हय. हात जोडले, सायेब, माहं लगन व्हाचं हाये. त्यानं मान वर नाही केली. कागदावर लिवलं, वय तीस, पोरं तीन."

वही देताना रुचिता म्हणाली, "मॅडम, आबाजी बोलले, आजीले माहीत नाही."

"आपण नाव गाळू," मी म्हटलं. इतकं चांगलं काम वर्गातच राहावं असं मला वाटेना. प्रदर्शनाच्या दिवशी रुचिताने ते पालकांपुढे वाचलं. रुचिता वाचणार म्हणून धुरपता नवं लुगडं नेसून पुढेच बसली होती. नाव नसलं तरी रुचिता कुणाकडे बसून लिहीत होती आणि तेव्हा चहा कुणी दिला, हे तिला ठाऊक होतं. वाचन संपायच्या आत ती उठून गेली.

मी तिच्या मागोमाग घरी गेले. आबाजी ओसरीत उभे होते.

"पंचेचाळीस वर्सं," धुरपता म्हणत होती, "लोकं मले वांझ बोलले. बारशाले कोनी बलावलं नाही. नाकाडोंगरीच्या जंगलातल्या वैदूच्या पाल्याचा काढा मी वर्सभर पेली, ओकून ओकून हाडं राहिली. तुमी पाहून राहिले होते."

"लगनाच्या आंदी सांगतलं असतं, त आली असती का तू?"

"ते मले ठरवू द्याचं होतं."

आबाजी खाली बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुरपता आंधळगावला भावाकडे गेली. आबाजी दोनदा आणायला गेले. तिने पाणी दिलं, जेवू घातलं आणि परत पाठवलं. चार महिन्यांनी आबाजींना टायफॉइड झाला, तेव्हा ती आपणहून आली. दवाखान्यात पंधरा दिवस त्यांच्या उशाशी बसली. आता दोघांचं एकाच चुलीवर शिजतं. बोलणं कामापुरतं.

रुचिता दहावीत गेली. वर्गात ती पूर्वीसारखी हात वर करत नाही. "माह्याच्यानं झालं," असं एकदा म्हणाली. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं की नाही, कळत नाही.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत धुरपता धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भेटली. चिखलाने पाय भरलेले. मी विचारलं, "आजी, राग गेला का?"

"राग नाही जी, मॅडम. मानूस गरीब हाये, जवान असतानी त्याच्यासंग वाईट झालं, ते समजते मले." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "पन रोवणीच्या बाया नातवाइले घेऊन येतेत, धुऱ्यावर खेळवतेत. तवा मी माह्या मानसाकडं पाहत नाही."

मग ती वाकून पुन्हा रोवायला लागली.