मैलावरची आवडाबाई

आवडाबाईकडून मासे घ्यायचे म्हणजे आधी तिची बोलणी खायची. "वैनी, दाबून काय बघता? बांगडा हाय तो, हापूस नाय," असं ती चारचौघांत सुनावते. तरी आम्ही मिरजोळ्याची माणसं तिच्याकडेच जातो. पंधरामाडला तिचं घर. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासे घ्यायचे, टेम्पोत पाटी टाकायची आणि आमच्या रस्त्याला मैलाच्या दगडाशी उतरायचं, हा तिचा रोजचा धंदा. आधी तिची सासू तिथेच बसायची. सासू गेली, नवऱ्याने दम्यापायी होडी सोडली, मुलगा रूपेश मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. हिचं बसणं काही सुटलं नाही. तिला सगळे मैलावरची आवडाबाई म्हणतात. एसटीचे कंडक्टरसुद्धा "मैलावर कोण उतरणार?" असंच ओरडतात.

दगड काळा, कमरेएवढा. एका अंगाला मराठीत आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजीत रत्नागिरी किती मैल ते कोरलेलं. पुढे मैल जाऊन किलोमीटर आले, सरकारने रंगीत डोक्याचे नवे दगड पुरले. ते दोन-चार पावसाळ्यांत कलंडले, हा मात्र होता तिथेच. आवडाबाई पोतं अंथरून बसायची आणि त्याला पाठ लावायची. कंबर तिची कधीचीच गेलेली. "सगळ्या दिवसात माज्या पाठीला ह्याचाच काय तो आधार," म्हणायची. सून सलोनी मुंबईहून फोनवर घरी बस म्हणून मागे लागलेली, पण घरी बसून करणार काय? भिंतींशी भांडणार?

त्या दगडाचं वेड आणखी एका माणसाला होतं, आणि माझं नशीब असं की तो माणूस माझ्याच घरात आहे. आमचे दत्तात्रेय मास्तर. शाळेतून निवृत्त झाले आणि जुन्या रस्त्यांवरचे मैलाचे दगड शोधत हिंडायला लागले. लांज्याच्या बाजूला कुठेतरी एक सापडला, तर मुलगा झाल्यासारखे पेढे घेऊन आले. मी म्हटलं, एवढे हेलपाटे गवंड्याकडे घातले असतेत तर पडवी गळायची थांबली असती. त्यावर ते हसले फक्त. त्यांच्या हसण्याचाही आता मला कंटाळा येतो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. दगडाच्या जागी गटार येणार होतं. मास्तरांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कोणीतरी साहेब म्हणाले, फार तर शहरातल्या बागेत नेऊन ठेवू. मास्तर घरी आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले. "उमा, मैलाचा दगड जागेवर आहे तोवरच खरं बोलतो गं. रत्नागिरीच्या बागेत बसून तो रत्नागिरी इतके मैल म्हणून सांगणार? त्यापेक्षा फोडून खडी केलेली बरी." मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

जेसीबी आला तेव्हा मी मासे घ्यायलाच उभी होते. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, बाजूला व्हा." आवडाबाई म्हणाली, "चा पिऊन ये मेल्या, तोवर उठते." तो टपरीवर गेला मात्र, ही बया समोरच्या दुकानात! शेंदराची पुडी आणि खोबरेल घेऊन आली. मी बघतेय तोवर खवल्यांनी भरलेल्या त्याच हातांनी तिने दगड वरपासून खालपर्यंत माखला. वर तगरीची चार फुलं ठेवली. ड्रायव्हर आला तशी पदर खोचून म्हणाली, "राखणदार देव हाय हितला. काढ आता, असलास खमका तर!" त्याने दगडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, कानाला हात लावला आणि मशीन मागे घेतलं. मी इतकी हसले की पिशवीतला बांगडा खाली पडला. किती तरी दिवसांनी हसले होते.

घरी सांगितलं तर मास्तर हसले नाहीत. "अक्षरं बुजली असतील," एवढंच म्हणाले.

आठवडाभरात दगडापुढे नारळ दिसायला लागले. कोणाच्या पोराचा ताप उतरला, कोणाची हरवलेली म्हैस सापडली. खालच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्या मुली स्कूटर थांबवून हात जोडायच्या. पलीकडे मितेशचं गॅरेज आहे. त्याने चार पोरं जमवून वर पत्रा घातला, घंटा टांगली, फलक लावला: श्री राखणदार प्रसन्न. मग एके दिवशी तो आवडाबाईपुढे उभा राहिला. मुलगा वाईट नाही, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजी, देवापुढे मासे बरे दिसत नाहीत. तेवढी पाटी दुसरीकडे लाव ना."

आवडाबाई भडकलीच. "राखणदाराला कोंबडा चालतो आणि माजी पाटी चालत नाय?"

"कोंबडा मान म्हणून देतात, आजी. तू धंदा करतेस."

आवडाबाईने पाटीवर फडकं टाकलं आणि दगड सोडून चार पावलं लांब जाऊन बसली. ती कोणाचं ऐकून उठली, असं मी पहिल्यांदा बघितलं.

त्याच सुमारास कचेरीतून साहेब पाहणीला येणार असं कळलं. गटार वळवायचं की दगड काढायचा, ते त्यांनी ठरवायचं होतं. मी आवडाबाईला बाजूला घेतलं. "सांगून टाक गो खरं काय ते. शेंदूर तूच फासलास, मी साक्षीला आहे."

"आणि मग?"

"मग देव जाईल, तुझी जागा तुला."

"देव गेला की दगड पण जाईल, वैनी. मग मास्तरांचा पण नाय आणि माजा पण नाय."

मास्तर शेजारीच उभे होते. एरवी दगडांवर तासभर बोलणारा हा माणूस, नुसता चष्मा पुसत राहिला. मला दोघांचाही राग आला. असा कसला हा दगड, जो वाचला तरी कोणाच्या हाताला लागत नाही?

साहेब आले, चांगले होते. सगळ्यांत जुनी म्हणून त्यांनी आवडाबाईलाच विचारलं, "बाई, हा देव कधीपासून आहे इथे?"

मितेश आणि त्याने जमवलेली पोरं बघत होती. मास्तर खाली बघत होते. आवडाबाईने पदराने तोंड पुसलं.

"माज्या सासूच्या आधीपास्नं," ती म्हणाली. "मोठा कडक हाय. हलवू नका."

गटार वळलं आणि दगड राहिला. आज त्यावर शेंदराचा इतका जाड थर आहे की रत्नागिरी किती मैल ते बोटाने चाचपूनही कळणार नाही. मास्तर त्या रस्त्याने जात नाहीत, लांबच्या वाटेने जातात.

आवडाबाई आता खाली, कारखान्याच्या भिंतीशी उन्हात बसते. भिंतीला पाठ टेकायची सोय नाही, मध्ये गटार आहे. गिऱ्हाईक निम्मं झालं. परवा मी गेले तर पाटी होती आणि बाई नव्हती. थोड्या वेळाने वरून चालत येताना दिसली, एक हात कमरेवर.

"कुठं गेली होतीस गो?"

"पाठ धरली होती. म्हटलं, जरा दगडाला टेकू जाऊन. कोण नाय बघून बसले. तर मितेशची बायको आली, म्हणाली, आजी, मासळीच्या हातांनी शिवू नका, पाया पडायचं तर आंघोळ करून या."

ती सावकाश खाली बसली. पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं.

"पाया पडायला नव्हते गो गेले," ती म्हणाली. "बांगडे किती घालू?"