बुडापर्यंत सिमेंट

सकाळी तांदळाचं धुवण दारातल्या कडुनिंबाला ओतलं, ते सगळं वाहत गटारात गेलं. नगरपरिषदेनं सुशोभीकरण म्हणून झाडाच्या बुडापर्यंत सिमेंट केलंय. साहेबाला विचारलं, "झाडानं प्यायचं कुठून?" त्यानं नकाशातला हिरवा गोल दाखवला. "आजोबा, झाड ठेवलंय की! रागावता कशाला?"

कागदावरच्या गोलाला तहान लागत नाही, बाबा. हे झाड माझ्या बायकोनं असल्याच धुवणावर वाढवलं. ती गेली. आता भात एकट्यापुरताच शिजतो, पण तांदूळ मी तीन पाण्यांनी धुतो, झाडाला पुरावं म्हणून. अन् आता त्याची पानं पिवळी पडायला लागलीत.

नोटीस आली तर येऊ दे. पहार काढून ठेवलीय. उद्याचं धुवण गटारात जाणार नाही.