दोघंही झुकलो तर

शेजारच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ आरे कॉलनीतून पवईपर्यंत रोज माझ्या मागे बसायचे, दोन्ही हातांनी डबा घट्ट धरून. मी मोटारसायकल नुकतीच शिकलो होतो. वळणावर मी झुकलो की हे हटकून उलट्या बाजूला कलायचे.

"अहो, माझ्याबरोबर झुका ना!"

"दोघंही झुकलो तर सावरणार कोण रे?"

एकदा तबेल्याजवळच्या वळणावर शेणावरून घसरून आम्ही आपटलो. दुसऱ्या दिवशी तिथेच माझं अंग ताठरलं, गाडी सरळ गटाराकडे निघाली. तेवढ्यात मागचं वजन माझ्याआधी वळणाच्या बाजूला झुकलं.

"चल, झुक आता."

गाडी वळली. डबा कधी न सोडणारा त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता.