तोकडे धागे

मला एका जागी बसता येत नाही. शाळेत मुलं पेपर सोडवत असतात तेव्हा मी वर्गात येरझाऱ्या घालते, आणि घरी भाजी फोडणीला टाकली की मध्येच गच्चीवर जाऊन कपडे काढून आणते. पायाला भिंगरी लावलीय म्हणून आमचे हे चिडवतात. तर अशी मी, आणि गेल्या दिवाळीपासून माझ्या घरात एक माणूस भिंतीकडे तोंड करून नुसता पडून होता. माझा जीव तिथंच अडकलेला असायचा.

ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार माग होते. पन्नास वर्षं त्यांनी टॉवेल विणले. दिवाळीनंतर माग भंगारात गेले, कारण चालवणारं कुणी उरलं नव्हतं. मामांना दम लागायचा आणि माझा नवरा नवी पेठेत कापडाच्या दुकानात नोकरीला. ज्या दिवशी टेम्पो माग घेऊन गेला त्या दिवशी मामांनी शेड झाडून काढली, झाडलेलं सूत एका पोत्यात भरलं, ते पोतं कॉटखाली सरकवलं आणि पडले ते पडलेच. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठीक आहे. ठीक कसली? अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. बोलायचे नाहीत, माझ्याशीही नाही आणि मुलाशी त्यांच्या घरच्या तेलुगूतही नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर घासत राहायचा. माहेरी वैरागला माझी आई अशीच भिंतीकडे तोंड करून गेली होती, आजार काही नसताना. त्यामुळे तो अंगठा पाहिला की मला धडकी भरायची.

मार्चमध्ये बुलबुलाची जोडी आली. व्हरांड्याच्या जाळीवर आमची मधुमालती चढलेली आहे आणि मामांच्या कॉटशेजारची खिडकी नेमकी तिच्यासमोर उघडते. डोक्यावर काळा तुरा, शेपटीखाली लाल ठिपका, आणि दोघांचा आवाज असा की शेजारच्या कारखान्याच्या खडखडाटातही ऐकू यावा. दोन दिवस वेलीची पाहणी चालली होती. तिसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, तेव्हा खोलीतून मामांचा आवाज आला.

"घरटं बांधलालेत की."

मी पिठाच्या हातांनी धावले. मामा उठून बसले होते आणि खिडकीकडे बघत होते. एक बुलबुल चोचीत वाळलेली काडी घेऊन वेलीत शिरत होता.

दुपारी त्यांनी कॉटखालचं पोतं ओढलं. पांढऱ्या, लाल, पोपटी सुताचे वीत-वीतभर तुकडे त्यात होते. मला वाटलं, पक्ष्यांसाठी मूठभर जाळीवर टाकतील. पण मामांनी मांडी घातली आणि तुकड्याला तुकडा जोडायला सुरुवात केली.

मागावर ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतातली, तार तुटली की माग थांबवायचा, दोन टोकं अंगठा आणि पहिल्या बोटात जुळवायची, गाठ मारायची आणि माग परत सुरू करायचा. हे त्यांनी किती वेळा केलं असेल, त्याची मोजदाद नाही. त्यांची गाठ तांदळाच्या कणीपेक्षा बारीक आणि चपटी, बोटाला लागत नाही. डोळ्यांवर चष्मा नव्हता तरी बोटं चुकत नव्हती.

"मामा, एवढं कशाला जोडताय? पाखरं नेतील तसंच."

"तोकडा धागा काय कामाचा?" ते म्हणाले.

मग ते लांब लांब धागे त्यांनी जाळीला अडकवले आणि बुलबुलांनी अर्ध्या तासात त्यांतला पहिला उचलला. मामा हसले. त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

इथं मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वैरागला आमच्या अंगणात कोंबड्या होत्या. विंचरताना निघालेले केस आई कधी अंगणात टाकू द्यायची नाही, पिलांच्या पायांना गुंडाळतात म्हणून. लांब धागा चोचीत घेऊन तो बुलबुल वेलीत शिरला, तेव्हा मला ते केस आठवले. लख्ख आठवले. पण मामा हसत होते, संध्याकाळी त्यांचं रिकामं ताट समोर आलं आणि मी तोंड मिटून घेतलं. उलट दुसऱ्या दिवशी पोत्यातले पोपटी तुकडे निवडून त्यांच्या हातात दिले.

तीन अंडी झाली. मामांनी दाढीचा आरसा एका काठीला बांधला होता. जोडी लांब गेली की काठी वेलीत घालून ते घरट्यात बघायचे. एप्रिल चढला, पत्रे तापून फुटतील असं ऊन पडू लागलं आणि माझी सकाळची शाळा सुटली की मला घर गाठायची घाई व्हायची. रिक्षातही पाय वळवळायचे. मांजर आलं असेल का, कावळ्याने पाहिलं असेल का, एवढ्या उन्हात अंडी उकडत तर नसतील? घरी आल्यावर दर दहा मिनिटांनी मी व्हरांड्यात. मामा वैतागून म्हणायचे, "अगं, तुझ्यानंच पळून जातील ते. बस की गप." त्यांचा तो वैताग मला गोड लागायचा.

पिलं निघाली. तिन्ही. मामा दिवसभर चोची मोजायचे आणि संध्याकाळी मुलाला तेलुगूत सगळी हकिकत सांगायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं, पण मी पोळ्या लाटता लाटता ऐकत राहायचे. आता भीती गेली, असं मात्र मला एक दिवसही वाटलं नाही. ते धागे घरट्यातून खाली लोंबत होते, लाल आणि पोपटी, आणि माझी नजर तिथंच जायची.

पिलं उडाली तो रविवार होता. सकाळी मामा आंघोळीला गेले होते. एक पिलू जाळीवर आलं, मग दुसरं, आणि दोघं धडपडत समोरच्या भिंतीवर पोहोचली. तिसऱ्यानं उडी मारली आणि घरट्याखाली उलटं लटकलं. पायाला धागा. पंखांची नुसती फडफड आणि आईबापांचा आकांत.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मामांनी हे बघता कामा नये. मी कात्री आणली, स्टुलावर चढले, पिलू मुठीत धरलं. त्याचं काळीज जोरात उडत होतं. धागा पायाभोवती दोन-तीन वेढे घेऊन मांसात रुतला होता, आणि मध्ये ती चपटी गाठ. कात्रीचं टोक कुठं घालावं, कळेना. घातलं असतं तर पायच गेला असता.

"उतर खाली."

मागे मामा उभे होते, अंगावर ओला पंचा. "चष्मा आन. आन् ब्लेड."

वरचा धागा तोडून मी पिलू खाली आणलं, मामांच्या ओंजळीत दिलं, चष्मा आणि ब्लेड आणलं आणि मग पिलू दोन्ही हातांत धरून बसले. मामांनी चष्मा लावून पाय पाहिला. गाठ पाहिली. नखाच्या टोकानं त्यांनी एक वेढा उचलला, खालून ब्लेडचं टोक सरकवलं, मग दुसरा. पाय सुटला, पण काळानिळा पडलेला आणि बोटं मिटलेली. पिलाला मी वेलीवर ठेवलं. एका पायावर ते तिरकं बसलं. तासाभरानं कसंबसं उडून शेजारच्या पत्र्यावर गेलं आणि आईबाप त्याच्यामागे गेले. जगलं की नाही, मला आजही माहीत नाही.

मामा खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवले नाहीत. रात्रीही नाहीत. सोमवारी अर्धी भाकरी. अंगठासुद्धा आता हलत नव्हता. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. शाळेत पोरांवर उगाच ओरडले, घरी दूध उतू घालवलं. मला आई दिसत होती.

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या कॉटपाशी उभी राहिले.

"मामा, चूक माझी हाय. लांब धागा पिलांच्या पायाला गुंडाळतो, हे मला ठाऊक होतं."

पाठ हलली नाही.

"पहिल्याच दिवशी आठवलं होतं. आई सांगायची. तरी बोलले नाही. आणखी धागे काढून दिले तुम्हाला."

मामा वळले. उठून बसले. असे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"मग बोलली का न्हाईस?" ते ओरडले. शेडमध्ये ओरडायचे तसे, चार मागांच्या वरचढ आवाजात. "मास्तरीण हाईस ना? पोरांना शिकवतीस ना? तोंड कुटं गेलतं?"

"तुम्ही उठून बसला होता. दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या." मी म्हणाले. "मला भीती वाटली, बोलले तर परत पडाल."

त्यांनी मान वळवली. खिडकीबाहेर वेलीत रिकामं घरटं होतं. मग त्यांनी वाकून पोतं ओढलं आणि जोडलेल्या धाग्यांचा अख्खा गुंडा कॉटवर मधोमध ठेवला.

"ब्लेड आन. दोन आन."

त्यांनी पहिला धागा उचलला, गाठ चाचपली आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कापून ती बाजूला टाकली. जन्मभर तुटलेलं जोडणारा माणूस बोटा-बोटाएवढे तुकडे करत होता.

"जाळीवर एवढेच ठेवायचे. पावसाळ्याआधी आणखी येकदा घरटं बांधत्यात ते." मग दुसरं ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. "बस हितं. पोतं संपंपर्यंत उठायचं न्हाय."

मी बसले.